इंचभर कमी

१

दार चौकटीत उभं केलं आणि वाचनालयातली कुजबुज एकदम थांबली.

दार सुंदर होतं. मिस्त्रीने कित्येक वर्षं सांभाळून वाळवलेल्या लाकडाचं, गाठ नाही की तडा नाही. पण बिजागऱ्यांची बाजू जुळवली तेव्हा पलीकडच्या बाजूला हाताची दोन बोटं सहज जातील एवढी फट राहिली. वरही तशीच. त्या फटींतून रस्त्यावरचं ऊन थेट ग्रंथपालबाईंच्या टेबलावर येऊन पडलं.

"मिस्त्री, हे असंच असतं का? की अजून काही बसायचंय यात?" बाईंनी बिचकत विचारलं.

 मिस्त्रीने खिशातून टेप काढली, चौकट मोजली, मग दार मोजलं. थोडी फट सोडून दाराची रुंदी साडेबेचाळीस इंच हवी होती. भरली साडेएकेचाळीस. उंची साडेब्याऐंशी हवी होती. तीही इंचभर कमी. त्याने पुन्हा मोजलं, उलट बाजूने मोजलं, बरोबर आलेल्या आपल्या मुलाला टोक धरायला लावून मोजलं. आकडा काही हलला नाही.

दार मोठं झालं असतं तर रंधा मारून बसवता आलं असतं. छोट्या दाराला कोण काय करणार? त्यात त्या जातीचं लाकूड आता कुठे मिळतही नव्हतं.

आणि हे पहिल्यांदा होत नव्हतं. आधी एका दवाखान्याची खिडकी अशीच गेली होती, मग एका घराचं भिंतीतलं कपाट.

परतताना मुलगा गाडी चालवत होता. मिस्त्री स्वतःच्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला, "मापं बरोबर आठवतायत मला. कापताना बघितलेला आकडाही आठवतोय. तरी असं होतंय. माझं डोकं जायला लागलंय रे."

२

मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीला फोन गेला तो त्याच्या बायकोचा.

"वन्सं, तुम्ही या. हे कोणाचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. आता कारखाना बंद करा म्हणावं. अजून काही विपरीत व्हायच्या आत."

अक्का दुसऱ्याच दिवशी आली. ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती, निवृत्त होऊन थोडीच वर्षं झालेली. दुकानदारांच्या घासलेल्या मीटरपट्ट्या आणि आतून पोकळ केलेली वजनं पकडण्यात तिची उभी नोकरी गेली. बाजारातले लोक तिला पाठीमागे मापअक्का म्हणत, आणि ती दिसली की तागडीखाली चिकटवलेलं मेण खरवडून काढत.

खाली कारखाना आणि वर दोन खोल्यांचं घर. जिन्यावर भुसा, खिडकीच्या गजांवर भुसा. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर भावजयीने फडकं टाकलेलं होतं, आणि त्या फडक्यांवरही भुशाचा पातळ थर. ती खोकत खोकत पुढे आली. एका हातावर मिस्त्रीचा कालचा मळका सदरा होता. बोलता बोलताच तिने त्याच्या खिशातली पेन्सिल, चष्मा आणि टेप काढून धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात भरली, आणि तो सदरा खुंटीला अडकवला. संसारात हजारदा केलेलं काम, हात आपोआप चालत होते.

"दमलेत हो ते," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी विसराळूपणाच्या गोळ्या दिल्यात. परवा मला विचारत होते, मी जेवलो का म्हणून."

मिस्त्री खिडकीशी बसला होता. अक्काने त्याला पाहिलं. हा तिचा भाऊ, मोठमोठे वासे एकट्याने उचलणारा, लोकांशी कडाकडा भांडणारा. आता गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा बसला होता.

"गॅस बंद आहे का गं अक्का?"

"आहे."

"बघितलास?" तो ओशाळला. "हल्ली माझा माझ्यावर भरवसा नाही. एकटा बाहेर पडत नाही मी. शनिवारी हत्यारं विकायला काढतोय. माणसाने आपलं आपण ओळखावं."

"ओळखशील. आधी तुझी टेप दाखव."

त्याने खुंटीवरच्या सदऱ्यातून लाल डबीची टेप काढून दिली. अक्काच्या पिशवीत तिची जुनी पोलादी पट्टी होती, नोकरी सुटली तरी ती सुटली नव्हती. तिने टेप पट्टीवर लावली. रेघ रेघेवर बसली. मग तिने टेपच्या टोकाचा हूक बोटाने हलवून पाहिला. तो किंचित पुढेमागे सरकला.

"सैल आहे तो, करवतीवरचा आमचा लंबू नेहमी सांगतो," मिस्त्री म्हणाला. "मी म्हणतो, राहू दे."

"सैलच हवा. त्याच्या स्वतःच्या पत्र्याच्या जाडीइतका सरकायला हवा. फळीच्या कडेला अडकवून ओढला की तेवढा पुढे येतो, चौकटीच्या आत टेकवला की तेवढा मागे जातो. म्हणून आतलं मापही खरं आणि बाहेरचंही."

"म्हणजे टेप चांगली आहे?"

"एकदम खरी आहे."

भावाचा चेहरा पडला. अक्काच्या ध्यानात आलं की तो मनातून टेप खोटी निघावी म्हणून वाट बघत होता.

"मग खोटा मीच," तो म्हणाला.

३

अक्काने मुलाला त्याच्या ऑफिसात गाठलं. तो इमारतींचे नकाशे काढायचा, बायको-मुलांसह वेगळा राहायचा, आणि बापाला माप घ्यायला न्यायचं असलं की गाडी घेऊन यायचा. टेबलावर तयार दारं विकणाऱ्या कंपनीची रंगीत माहितीपत्रकं पडली होती.

"कारखाना बंद झाला तर ती जागा तुलाच मिळेल," अक्काने आडवळण घेतलं नाही.

"मिळेल. आणि मला हवीही आहे." तोही सरळ बोलला. "बाबांनी थांबावं असं मी तोंडावर सांगितलंय त्यांना, दोन वर्षं सांगतोय. पण असं नाही गं आत्या. वाचनालयात ते पुन्हा पुन्हा मोजत होते ना, मला तिथून पळून जावंसं वाटलं."

"माप घेताना तू काय करतोस?"

"टोक धरतो. आकडा ते वाचतात, मीही बघतो. त्या दिवशी दोघांनी एकच आकडा वाचला."

"आणि कापतात तेव्हा?"

"तेव्हा मी इथे असतो. कारखान्यात मी पाऊल टाकत नाही, मला शिंका येतात."

अक्का वाचनालयात गेली. रिकामी चौकट स्वतःच्या पट्टीने मोजली. आकडा भावाने सांगितला तोच. नंतर दवाखान्यात गेली. तिथल्या खिडकीची फट कंपाउंडरने पुठ्ठा लावून बुजवली होती. मग त्या घरी गेली. तिथल्या बाईने फुकट गेलेलं कपाट गच्चीवर ठेवून त्यात झाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या.

खिडकी इंचभर कमी. कपाट इंचभर कमी. रुंदीला एक इंच, उंचीलाही एकच. अर्धा नाही, दीड नाही, आणि एकदाही जास्त नाही.

त्या गच्चीवर, कुंड्यांच्या शेजारी, अक्का विचार करत बसली.

ज्याचं डोकं ठिकाणावर नाही तो कधी तीन इंच चुकेल, कधी सहाचा नऊ वाचेल, कधी जास्त कापेल. विसरणारा माणूस इतक्या शिस्तीत विसरत नाही. तिच्या भावाचं डोकं शाबूत होतं.

मग शिस्त कोणाची होती?

४

कारखान्यात लंबू एकटाच फळ्या रचत होता. त्याची उंची दाराच्या चौकटीला भिडायची. मिस्त्री माप घेऊन पेन्सिलीची रेघ मारायचा आणि लंबू त्या रेघेवर करवत चालवायचा, ही दोघांची जोडी मुलाच्या जन्माआधीची.

"रेघेवरच कापलंस?"

"अक्का, रेघ अर्धी ठेवून कापतो मी. केसभर इकडेतिकडे नाही." तो दुखावला. मग त्याने नजर चोरली, हातातली फळी उगाच खाली ठेवली, परत उचलली.

"काय आहे? सांगून टाक."

"रागवाल तुम्ही. मला झोप नाही त्या दिवसापासून." त्याने फळी भिंतीला टेकवली. "दाराच्या फळ्या मोजून झाल्या, मिस्त्री हात धुवायला गेले. टेप टेबलावर होती. तिचा हूक फारच लुडबुडत होता. मी किती दिवस सांगत होतो, घट्ट करू द्या. ते देत नव्हते. मी हातोडीचे दोन ठोके मारले आणि पार घट्ट केला. माझ्यामुळेच दार गेलं. मिस्त्रींना तोंड कसं दाखवू?"

"ठोके मोजमाप झाल्यावर मारलेस ना?"

"हो."

"मग तुझ्यामुळे काही गेलं नाही. आणि आधी मारले असतेस तरी हुकाने पत्र्याच्या जाडीइतका फरक पडतो, इंचाचा नाही."

लंबूने एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा भुसा उडाला. पण अक्का त्याच्याकडे बघतच नव्हती.

"पार घट्ट केलास?"

"हलणारच नाही असा."

"आणि नंतर कोणी सैल केला?"

"कोण करणार? मिस्त्री आपली टेप दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. मी चोरून हात लावला तेवढाच."

 वाचनालयाच्या दारानंतर भावाच्या खिशातून निघालेली टेप अक्काने स्वतः तपासली होती. तिचा हूक सैल होता.

५

कारखान्याच्या मागच्या ओट्यावर ऊन होतं. अक्काने भावाला तिथे आणून बसवलं.

"नीट ऐक. समज, तुझी टेप खोटी आहे. तिचा पहिला इंच कोणीतरी कापून हूक परत जोडलाय. त्याच टेपने तू चौकट मोजलीस आणि त्याच टेपने दार कापलंस. काय होईल?"

मिस्त्रीने क्षणभर विचार केला. "काही नाही. दार बसेल. टेप दोन्हीकडे सारखंच खोटं बोलणार."

"बघ, डोकं चालतंय तुझं. म्हणजे दार बिघडायला टेपा दोन लागतात. चौकट मोजली ती टेप खरी होती, ते मी पडताळलंय. फळ्या मोजल्या ती खोटी. तिच्यावर साडेबेचाळीस वाचलंस तेव्हा खरे साडेएकेचाळीसच भरले. म्हणून प्रत्येक वेळी कमी, आणि प्रत्येक वेळी एकच इंच. दार घेऊन वाचनालयात गेलास तेव्हा खिशात पुन्हा खरी टेप होती. ती तुझ्याच विरुद्ध साक्ष द्यायला."

"पण मला कळलं नसतं? पहिला आकडाच नाही टेपवर!"

"फळीची लांबी मोजताना तू कुठे बघतोस? हुकाकडे की पेन्सिलीकडे?"

 छोटी मापं तो गुण्यानेच, सुताराच्या काटकोनी पट्टीनेच, घ्यायचा. मोठ्या मापाला हूक अडकवायचा आणि थेट दुसऱ्या टोकाला जायचा.

"या लाल टेपा मी दोन आणल्या होत्या," तो सावकाश म्हणाला. "एक हरवली. शोधली, मिळाली नाही." मग एकदम ताठ झाला. "लंबू नाही हं! आणि माझा मुलगाही नाही."

"लंबू नाही. स्वतःच्या गुन्ह्याची खूण कोणी हातोडीने ठोकून वर मला सांगायला येत नाही. मुलगा कापताना इथे नसतो, आणि सकाळी तू कारखान्यात उतरतोस तेव्हाही नसतो." अक्काचा आवाज खाली आला. पुढचा प्रश्न तिला विचारायचा नव्हता. "सकाळी टेप तुला कोण देतं?"

"कोण देणार? ती तर सदऱ्याच्या खिशातच असते."

"खिशात कोण ठेवतं?"

मिस्त्रीने तोंड उघडलं.  वर स्वयंपाकघरात कोणीतरी खोकत होतं.

६

भावजय डब्यांवरची फडकी झटकत होती. दोघं दारात उभे राहिलेले पाहून तिने ओळखलं असावं. तिने विचारलं काहीच नाही. हात पुसले, शिवणाचा डबा काढला, लेस आणि बटणांच्या खालून लाल टेप काढून ओट्यावर ठेवली. हूक पार घट्ट. पहिला इंच नव्हताच, हुकापासून पट्टी थेट एक इंचाच्या रेघेपासून सुरू होत होती. हूक पट्टीला जोडणारं रिबिट नीट मारलेलं होतं. सोफ्यांचं कापड ताणणं, रिबिटं मारणं ही कामं तिने याच कारखान्यात अर्धं आयुष्य केली होती.

"मी तुम्हाला बहीण म्हणून बोलावलं होतं, वन्सं."

"नाही गं. निरीक्षक म्हणूनच बोलावलंस," अक्का म्हणाली. "तुझ्या खोट्यावर माझा शिक्का हवा होता तुला. मी सांगितलं असतं, थांब, तर तो थांबला असता. आणि मी सांगणारही होते."

भावजय खाली बसली. "किती वर्षं म्हणतेय, हा भुसा माझ्या छातीत बसलाय. कारखाना हलवा, नाहीतर बंद करा. प्रत्येक वेळी 'हो, बघू.' हे शिडीवरून पडून पाय मोडून बसले तेव्हा मला वाटलं, आता तरी. पाय बरा झाला, पुन्हा खाली. माझा खोकला ऐकूच येत नव्हता यांना. म्हटलं, दोन-तीन कामं बिघडली की आपणहून थांबतील. एवढंच होतं मनात."

"एवढंच?" मिस्त्री पहिल्यांदा बोलला. आवाज चढला नाही. "डॉक्टरकडे तू बरोबर होतीस. त्यांनी मला शंभरातून सात वजा करत जा म्हणून सांगितलं, आणि भीतीने मला तेही जमेना. तू शेजारच्या खुर्चीवर बसली होतीस."

ती जमिनीवरचा भुसा बोटाने गोळा करू लागली.

"घरी आल्यावर मी तुला काय म्हटलं? उद्या मी तुलाच ओळखलं नाही तर? रडलो मी. तुझ्यासमोर रडलो. तेव्हा तू काय म्हणालीस?"

"अहो..."

"सांग ना."

तिचे ओठ हलले. शब्द कसाबसा बाहेर आला. "म्हटलं, मी आहे ना."

मिस्त्री वळला आणि जिना उतरून गेला.  खालून लंबूचा आवाज आला, "मिस्त्री, पाणी देऊ का?"

अक्का त्या स्वयंपाकघरात उभी होती. भावजयीला खोकल्याची उबळ आली. पाठीवरून हात फिरवावा असं अक्काला वाटलं, तेवढ्यात खुंटीवरचा तो सदरा आठवला, बोलता बोलता खिसा भरणारे ते हात आठवले. तिने पाण्याचा पेला भरून जवळ ठेवला आणि बाहेर आली.

मिस्त्रीने गोळ्या टाकून दिल्या. मुलाला त्याने सगळं सांगितलं नाही, "टेप बिघडली होती" एवढंच सांगितलं. कोणालाही बायकोला बोल लावू दिला नाही, की माफही केलं नाही. वाचनालयाला दुसऱ्या लाकडाचं दार करून दिलं. ते बसलं. मात्र पहिल्यासारखं देखणं नव्हतं, आणि हे त्याला आणि ग्रंथपालबाईंना दोघांनाही दिसत होतं. मग त्याने वस्तीबाहेर एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि कारखाना तिकडे हलवला. खालची खोली धुऊन काढली. जिन्यावर भुसा उरला नाही, डब्यांवरची फडकी निघाली. खोकलाही हळूहळू उतरला. भावजयीने वर्षानुवर्षं मागितलेलं सगळं तिला मिळालं होतं.

पुढे काही महिन्यांनी अक्का दोन दिवस राहायला आली. सकाळी मिस्त्री शेडवर निघाला होता. भावजयीने डबा भरून पिशवीत ठेवला.

"चमचा घातलाय हं आत," ती म्हणाली.

मिस्त्रीने पिशवीतून डबा बाहेर काढला. वरचं झाकण उघडलं, चमचा बघितला, झाकण लावलं आणि डबा परत पिशवीत ठेवला. रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. आपण काय केलं हे त्याला कळलंही नव्हतं. "येतो गं अक्का," म्हणून तो निघून गेला.

भावजय ओट्याशी तशीच उभी होती. अक्काकडे न बघता ती म्हणाली, "रोज बघतात."